तासभर बोलायचं नाही

लेखकाची दाढ तुटली, ती काही कडक खाऊन नव्हे. चोरामुळे तुटली.

हा चोर त्याने स्वतःच एका बंद दुकानात घातला होता आणि आता तो काही केल्या बाहेर निघत नव्हता. नव्या कादंबरीचा आराखडा असा होता: घड्याळदुरुस्तीचं एक जुनं दुकान. बाप जाऊन चारच दिवस झालेत, आणि दोघी बहिणी दुकान पुन्हा उघडायचं ठरवतात. पाचव्या दिवशी सकाळी कुलूप काढून बघतात तर भिंतीवरचं बापाचं लाडकं घड्याळ गायब. दाराचं कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत. किल्ली एकच, आणि ती थोरल्या बहिणीच्या पर्समध्ये. इथवर लेखक स्वतःवर बेहद्द खूश होता. पण चोर आत शिरला कसा आणि घड्याळ काखेत मारून बाहेर पडला कसा, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी बायको म्हणाली होती, "अहो, पण किल्ली थोरलीकडेच आहे ना? मग तिनेच..."

"तू मध्ये बोलू नकोस गं! आत्ता कुठे धागा हाताला लागत होता!"

बायको गप्प बसली. धागा काही हाताला लागला नाही. पुढचे तीन आठवडे लेखकाने छप्पर उचकटून पाहिलं, भुयार खणून पाहिलं, एकदा तर चोराला आदल्या दिवसापासून कपाटात कोंबून पाहिलं. रोज दातओठ खाऊन विचार. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, भिंत पोकळ असेल का या विचारात तो असताना कट्कन आवाज झाला आणि अर्धी दाढ तळहातावर आली.

त्यात मुहूर्त बघा! त्याच दिवशी साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन यायचा होता. आठ वर्षं मागे लागल्यावर, गोष्टीची सुरुवात ऐकून, त्यांनी ती क्रमशः छापायला एक पान देऊ केलं होतं. "पाच वाजता फोन करतो. आराखडा शेवटपर्यंत तयार असेल तर पान तुमचं. नाहीतर भुताच्या गोष्टी लिहिणारे ते गृहस्थ तयारच आहेत."

त्या भूतवाल्याचं नाव काढलं की लेखकाच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. त्या माणसाच्या गोष्टीत कुणाला किल्लीच लागत नाही! भूत सरळ भिंतीतून जातं. याला काय लेखन म्हणायचं? मग कुलपं तरी कशाला करतात लोक?

चार वाजता गाल धरून तो दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसला. डॉक्टर अघळपघळ माणूस. रोग्याचं तोंड उघडं असलं की त्यांना गप्पांची लहर येई.

"लेखक ना तुम्ही? काय लिहिताय सध्या?"

इथे लेखकाने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. इंजेक्शन टोचायच्या आधी त्याने गोष्ट सांगितली. दुकान, बहिणी, घड्याळ, कुलूप, सगळं. आणि डॉक्टर थक्क होऊन "मग चोर बाहेर कसा पडला हो?" असं विचारतील, म्हणून तो ऐटीत थांबला.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

सुई टोचली, कापूस कोंबला, नळी लागली. मग डॉक्टर मदतनीस बाईंना म्हणाले, "बाई, मला तर यात चोर दिसतच नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "दुकानात मनगटावरची घड्याळं असतील की ढीगभर. खिशात मावणारी. ती सोडून भिंतीवरचं धूड कोण उचलेल?"

लेखकाने हात हलवला. हा मुद्दा त्याला तीन आठवड्यांत सुचला नव्हता, आणि त्यामुळेच तो जास्त भडकला.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी प्रेमाने आणखी एक इंजेक्शन दिलं. आता जीभही गेली. "कुलूप शाबूत, किल्ली थोरलीकडे. म्हणजे थोरलीच. सरळ आहे."

"उं उं उं!" लेखक म्हणाला. अहो, ही काय पद्धत झाली? माणूस दाढ काढायला येतो आणि तुम्ही त्याचा चोर काढून घेता? त्याने पाय झाडला, तर डॉक्टरांनी खुर्ची आणखी आडवी केली. त्याने बोट नाचवून नाही-नाही केलं, तर बाईंनी ते बोट मुठीत धरलं आणि म्हणाल्या, "घाबरू नका हं. होतंच आलंय."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पाच.

लेखक ताडकन उठायला गेला. पण तोंडात पकड, पकडीत दाढ आणि दाढेच्या दुसऱ्या टोकाला तो स्वतः. बाईंनी मोठ्या सौजन्याने फोन काढला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या छातीवर ठेवला.

"काय लेखकमहाशय, झाला का आराखडा?"

"आँ... ऊं... आ..."

"म्हणजे नाही झाला," संपादक म्हणाले. "ठीक आहे, मग मी त्या भुतांच्या..."

लेखकाचा चेहरा असा झाला की डॉक्टरांना खरोखरच दया आली. "थांबा थांबा!" ते फोनवर वाकून म्हणाले. "मी त्यांचा दातांचा डॉक्टर. त्यांची दाढ माझ्या हातात आहे, म्हणून बोलता येत नाही. आराखडा झालाय. चोर नाहीच. घड्याळ थोरल्या बहिणीनेच नेलंय."

आठ वर्षांची तपश्चर्या, आणि शेवट सांगतोय कोण, तर दात उपटणारा! लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढही त्याच क्षणी आली.

फोनवर संपादक म्हणाले, "अरे वा! मला वाटलं होतं, हे चोराला भुयारातून काढणार. छान. पण तिने का नेलं? दुकान तिचं, घड्याळ तिचं. मग कारण काय?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"ते मात्र लेखकच सांगतील," डॉक्टर म्हणाले. "ते त्यांचं काम."

"मग सहापर्यंत कळवा. सहाला पान ठरतं. कारण पटलं नाही तर भूत."

डॉक्टरांनी खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला आणि जबडा मिटवला. "घट्ट चावून धरा. तासभर बोलायचं नाही. बोललात तर रक्त थांबणार नाही."

लेखक घरी पोचला तेव्हा साडेपाच वाजत होते. गाल, ओठ, कान, सगळं परक्याचं झालं होतं. संताप तेवढा स्वतःचा उरला होता. त्याने कागद ओढला आणि खसाखसा लिहिलं, 'माझी गोष्ट त्या दातवाल्याने फोनवर परस्पर सांगून टाकली! म्हणे थोरलीनेच नेलं! आता कारण मी द्यायचं! सहापर्यंत!' शेवटच्या उद्गारचिन्हाला कागद फाटला.

बायकोने शांतपणे वाचलं. "मग मी काय म्हणत होते?"

"उं!"

"बोलू नका, रक्त येईल." ती समोर येऊन बसली. "तेव्हा तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत. ते घड्याळ एकदा चावी दिली की आठवडाभर चालणारं असणार ना, जुनं आहे तर? म्हणजे बापाने जायच्या आधी शेवटची चावी दिली, त्यावरच ते अजून चाललंय."

लेखकाने बोट वर केलं. मग त्या बोटाचं काय करावं ते न कळून खाली घेतलं.

"धाकटी पडली कामसू," बायको म्हणाली. "दुकान उघडलं की ती काय करणार? झाडलोट करणार, पुसणार आणि त्या घड्याळाला चावी देणार. थोरलीला तेच नको होतं. बापाच्या हातची चावी आहे तोवर कुणी त्याला हात लावू नये, असं तिला वाटलं. पण हे बोलायचं कसं? बहीण म्हणेल, वेड लागलंय हिला. म्हणून गुपचूप घरी नेलं आणि उशाशी ठेवलं. आपोआप थांबलं की परत आणून लावणार होती."

लेखक बोळा चावायचा विसरला. बावीस वर्षांच्या संसारात बायकोचं बोलणं त्याने शेवटापर्यंत ऐकण्याची ही पहिलीच वेळ. हे त्याच्याही लक्षात आलं, आणि आता नेमकं कुणावर रागवावं हे त्याला कळेना. त्याने सवयीने दातवाल्यावर रागवायचं ठरवलं, पण ते काही जमलं नाही.

सहाला पाच कमी असताना त्याने कारण कळवलं. दोन मिनिटांत संपादकांचा निरोप आला: 'पान तुमचं. वाचून माझ्या आईची आठवण झाली. कसं सुचलं हो हे?'

लेखकाने बायकोकडे चोरून पाहिलं, पाठ वळवली आणि उत्तर पाठवलं: 'दाढ काढताना.'

दोन आठवडे बरे गेले. मग चौथ्या प्रकरणात गाडी पुन्हा अडली. धाकटीला घड्याळ थोरलीच्या उशाशी सापडलं आणि धाकटी तोंडातून शब्दही काढायला तयार होईना. लेखकाने येरझाऱ्या घातल्या, टेबलावर मुठी आपटल्या, स्वतःच्याच पात्रावर ओरडून झालं. उरलेल्या दाढाही ठणकायला लागल्या. बायको कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही, की एक शब्द बोलली नाही.

शेवटी लेखक तणतणत कपाटाकडे गेला. औषधांच्या डब्यातून त्याने कापूस काढला, त्याचा बोळा केला, दाढेखाली ठेवून घट्ट चावला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"उं," तो म्हणाला.

बायकोने त्याच्या फुगलेल्या गालाकडे नीट पाहिलं.

"जरा मोठा घ्या," ती म्हणाली. "हे प्रकरण लांब आहे."