पाच खान्यांची बकरी

१९ नोव्हेंबर, रविवार. समोरच्या खोलीतला पलंग उचलून भिंतीशी उभा केला, कारण तिथे कापूस भरायचा होता. भाव पडलेला, त्यात गुलाबी अळीने अर्धी बोंडं खाल्लेली. आमचे हे म्हणाले, आत्ता विकायचा नाही. म्हणजे कापूस पलंगाच्या जागी आणि आम्ही जमिनीवर. खाजवत.

तेवढ्यात रज्जाकभाई दारात उभे राहिले. आत येता येता त्यांनी कापसाचं एक गाठोडं वीतभर उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "साडेबावीस किलो. ओलं हाय थोडं."

रज्जाकभाई आमचे शेजारी. महागावच्या कापूस बाजारात तीस वर्षं मापारी होते. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि ते घरी बसले, पण हात काही घरी बसला नाही. आजही ते समोर येईल ती वस्तू उचलून बघतात. बारशाला गेले तर बाळ उचलून "तीन किलो, वर एक छटाक" म्हणतात, आई रागावते. लग्नपत्रिका तळहातावर धरून "हलकं लग्न हाय, जेवणात एकच गोड राहीन" असं सांगतात, आणि एकच गोड असतं.

मोजताना ते 'एक' म्हणत नाहीत. आमच्याकडे मापाची पहिली पायली 'लाभ' म्हणून टाकतात. रज्जाकभाई 'बरकत' म्हणतात. बरकत, दोन, तीन, चार. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा ते अशाच चढतात.

तर अशा माणसाला त्यांच्या मुलाने नागपूरहून मोठा फोन आणून दिला, आणि त्या फोनमध्ये त्यांना 'बेबी बकरी' सापडली.

बेबी बकरी म्हणजे फेसबुकवरची चित्रकथा. दर रविवारी सकाळी आठ वाजता सहा चौकोन, फुकट. बेबी कुठल्या तरी कचेरीत शिरते आणि कागद खाते. कधी सातबारा, कधी बोंडअळीचा पंचनामा, कधी साहेबांच्या दौऱ्याचा कार्यक्रम. सहाव्या चौकोनात ती पोट टम्म फुगवून एका खिडकीखाली येते. खिडकीतली बाई विचारते, "जेवली काय व बेबी?" बेबी म्हणते, "नाही ना." संपलं. दर वेळी शेवट हाच, आणि लोक दर वेळी हसत.

ही बकरी मी काढते.

पेजवर माझं नाव नाही. मी अंगणवाडी सेविका. सरकारी कागद खाणारी बकरी सरकारी मानधनावरच्या बाईने काढली, हे वर कळलेलं बरं नाही. घरात फक्त ह्यांना ठाऊक. जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर काढायचं, फोनने फोटो घ्यायचा, टाकून द्यायचा. खिडकीतली बाई मी रज्जाकभाईंच्या बायकोवरून, शमीमभाभींवरून घेतली होती. त्यांची खिडकी आमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर, मध्ये हातभर बोळ. मी दारात दिसले की भाभी तिथून विचारायच्या, "जेवल्या काय हो?" सकाळी सात वाजतासुद्धा. पण मी त्यांचं नाक बदललं, ओढणीच्या जागी पदर दिला. ओळखू येण्याचं कारण नव्हतं.

रज्जाकभाईंना फोनवर लिहिता येत नाही. त्यांच्या एका बोटाखाली तीन अक्षरं दबतात. बोलून पाठवा म्हटलं तर म्हणतात, "बोललेलं हवेत जाते. लिहिलेलं राह्यते." म्हणून दर रविवारी ते पेजवाल्याला पाठवायची तक्रार माझ्याकडून लिहून घेत. माझ्याविरुद्धची तक्रार मीच लिहायची आणि संध्याकाळी मीच वाचायची.

"लिहा वहिनी. महोदय, आज आठची बकरी नऊ वाजता आली. पब्लिक तासभर उभी होती."

"कोणती पब्लिक, भाई?"

"मी होतो ना."

दुसऱ्या रविवारी शिंगं. "मागच्या टायमाले डावं शिंग लांब होतं, आता उजवं हाय. बकरी बदलली काय, याचा खुलासा करा."

मी एकदा सुरुवातीला आपल्या मनाने 'तुमचं काम छान आहे' एवढं घातलं. ते वाचून दाखवा म्हणाले. ऐकून म्हणाले, "हे कोन बोललं?"

"पत्रात आधी असं लिहावं लागते."

"खोडा. वजन वाढवाले कापसावर पाणी मारल्यावानी करू नका."

पेजवरून मी उत्तर दिलं की शेतीच्या कामामुळे वेळ मिळत नाही. ते उत्तर मलाच त्यांना वाचून दाखवावं लागलं. ते भडकले. "वेळ नाई म्हनते! बकरीच काढाची हाय, धरन बांधाचं हाय काय? मानूस कामचोर दिसते."

"कामचोर लिहू?"

त्यांनी शब्द हातात धरल्यासारखा विचार केला. "आळशी लिहा. कामचोर जरा जड होते."

मी न राहवून विचारलं, "भाई, पैसे देता काय तुमी त्याले? फुकट तर हाय ते."

"फुकट हाय म्हनूनच तर! पैशाचं असतं तं पैसे वापस मागतले असते. फुकटाचं काय वापस मागू?"

मी 'आळशी' लिहिलं आणि पाठवून दिलं.

बाकीचेही काही कमी नव्हते. एकाला बेबी रोज हवी होती. एकाने मी चार ग्रुपमध्ये पाठवतो, तेव्हा पुढची गोष्ट मला विचारून करत जा, असं कळवलं. एक बाई म्हणाल्या, बकरीऐवजी गाय घ्या. पण त्या सगळ्यांची मिळून जेवढी कटकट, तेवढी एकट्या रज्जाकभाईंची.

श्रावणात शमीमभाभी गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत आटोपलं. रज्जाकभाई दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते तणतणत.

"वहिनी, लिहा! काटा मारला त्यानं! बरकत, दोन, तीन, चार, पाच. पाचच खाने! साहावा खाना कुठी गेला?"

सहावा मी काढून टाकला होता. नुकत्याच गेलेल्या माणसाच्या जिवावर लोकांना हसवायचं, हे मला बरं वाटेना. पण हे त्यांना सांगणार कसं? मी पेजवरून उत्तर दिलं, निंदणीचे दिवस आहेत, पाचच जमतात.

"साहाची बोली होती!"

"कोणी केली बोली?"

"पयल्या दिवशी साहा देल्ले ना? मंग तेच बोली झाली."

त्यानंतर दर रविवारी एकच तक्रार. शिंगं गेली, वेळ गेली, फक्त सहावा खाना. कधी खुलासा करा, कधी तात्काळ करा, कधी नम्र विनंती. शेवट नसल्यामुळे बकरी खरंच पांगळी झाली होती, हे मलाही दिसत होतं. लोकही कुरकुरत होते. वरून घरात कापूस, अंगाला खाज, अंगणवाडीत वजनकाटा बिघडलेला. त्या रविवारी सकाळी मी चित्र काढलंच नाही. पेजवर एक ओळ टाकली: 'बेबी बकरी आजपासून बंद.' आणि पलंग हलवायला लागले.

म्हणून रज्जाकभाई आले होते. गाठोड्यावर बसले, फोन पुढे केला.

"हे वाचा बरं."

मी वाचलं. "बंद म्हणते."

"काहून?"

"कंटाळला असन. लोकं लय तरास देतात."

मी वाट पाहिली, आता 'काटा मारला' येईल. आलं नाही. ते कापसाचं एक बोंड काढून त्यातली सरकी बोटाने दाबत बसले. मग म्हणाले, "लिहा."

मी फोन घेतला.

"महोदय. खाने कमी करा. चार करा. दोन करा." थांबले. "बकरी नसली तरी चालते. शिंगं कशेई असू द्या. टाईम कोनताई चालते. पन खिडकीतली बाई ठेवा."

मी लिहीत होते.

"ते नाई बोलली तरी चालते. नुसती उभी ठेवा." परत थांबले. "आन् खिडकीचा दुसरा गज वाकडा हाय. तो तसाच ठेवा. सीधा करू नका."

माझं बोट थांबलं.

तो गज भाभींनी माझ्यासाठी वाकवला होता. त्यांच्या घरची भाजीची वाटी गजांतून माझ्याकडे येत नव्हती, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या काट्याची लोखंडी दांडी घालून तो एका हिसक्यात वाकवला. बोळातून कोणी जात नाही. तो गज दिसतो फक्त आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून. मी नाक बदललं होतं, पदर दिला होता. गज बदलायचं सुचलं नव्हतं.

"भाई, कधीपासून माहीत हाय तुमाले?"

"पयल्या रविवारपासून."

"मंग एवढ्या शिव्या मलेच लिहाले लावल्या?"

"तं काय झालं?" ते खरोखर चकित झाले. "तक्रार तोंडावरच कराले पायजे, वहिनी. मांगून बोलनं माह्याच्यानं नाई होत."

ते उठले. दारात जाऊन वळले.

"तिले मी सांगतलं होतं. तूच हायस म्हनून. लय हासली. म्हने, नाक मातर वहिनीनं चांगलं देल्लं." मग फोनकडे बोट केलं. "पाठवा ते. रीतसर जाऊ द्या."

मी पाठवलं. संध्याकाळी पेजवर आलं.

सोमवारी सकाळी उठून मी स्वयंपाकघराच्या दाराशी रचलेली कापसाची दोन गाठोडी बाजूला ओढली, म्हणजे खिडकी दिसेल. अंगणवाडीला जायच्या आधी पाठकोऱ्या पानावर सहा चौकोन आखले. खिडकी सहाव्यात नाही, पहिल्यात काढली. नाक खरं काढलं, डोक्यावर ओढणी दिली, गज बघून बघून वाकडा काढला. बेबीला पुढच्या पाचांत काय खायचं ते खाऊ दिलं. फोटो काढून पेजवर टाकला आणि चप्पल घालण्याआधी दारात क्षणभर थांबले.

बोळापलीकडून मोजल्याचा आवाज आला.

"बरकत."

दोन यायला बराच वेळ लागत होता. मला उशीर होत होता, मी निघून गेले.