ब्रह्मांडात बसलेली आत्या

काळ म्हणजे काय, हे सामान्य माणसाला दोनच ठिकाणी कळतं: दवाखान्याच्या रांगेत आणि समकालीन कलेच्या दालनात. पैकी दालनात औषध मिळत नाही, एवढाच फरक.

आमच्या गावच्या दालनात सध्या ब्रह्मांड मांडलं आहे. छताला भला मोठा काळा गोळा, त्याखाली एक बुटकी, रिकामी खुर्ची (ही मानवजात) आणि भोवती दोरी. एका पाहणीनुसार (पाहणी आम्हीच केली) दहातले नऊ प्रेक्षक आधी पाटी वाचतात, मग भारावतात. दहावा चष्मा घरी विसरलेला असतो.

दहावी माझी आत्या. गुडघे दुखत होते, समोर खुर्ची दिसली, दोरी ओलांडून ती बसली. बसली ती बसलीच, कारण मानवजातीची खुर्ची फार खोल निघाली.

मी हात द्यायला पुढे झालो, तर रखवालदाराने अडवलं.

"दोरीच्या आतल्या वस्तूला हात लावायचा नाही."

"अहो, ती माझी आत्या आहे!"

"आत जायच्या आधी होती."

नियम म्हणजे नियम. मी व्यवस्थापिकाबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, परवानगी कलाकारच देऊ शकतात आणि ते सध्या काळाच्या पलीकडे आहेत (म्हणजे जेवायला गेले आहेत).

ते परतले. आत्याकडे पाहून त्यांचे डोळे पाणावले. "पूर्ण झाली!" म्हणाले. लगेच पाटी बदलली: 'मानवजात, बसलेली. मिश्र माध्यम.' दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"अरे, मला बाथरूमला जायचंय!" आत्या कळवळून ओरडली.

एका समीक्षकाने ही 'नश्वर देहाने अनंताला घातलेली साद' असल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याची मला खरंच कीव आली. पण टाळ्या इतक्या मनापासून होत्या, की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

तुम्ही म्हणाल, भाचा आहे की दगड! खुशाल म्हणा. पण म्हातारीला बाथरूमला जायचंय हे कळल्यावर तुम्हाला आधी काय आलं? हसूच ना?

टाळ्या मोजताना तुमचीही धरली आहे.