सीमादगडांच्या बाई आणि बिनचूकचे खुलासे

"बारा वर्षांत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागलेला नाही," हे वाक्य तो बातमीदार दिवसातून तीनदा तरी ऐकवायचा. म्हणून कचेरीत त्याला सगळे बिनचूक म्हणायचे, आणि त्याला वाटायचं, कौतुकानेच म्हणतात! सोमवारी संपादक मुख्य बातमीदार नेमणार होते. त्या खुर्चीत ऐटीत कसं बसायचं, याची तालीमही त्याने घरी करून ठेवली होती.

त्यात शनिवारी घबाड हाती लागलं. बाजारामागच्या गल्लीत एका दारावर सरकारी पाटी होती: 'सीमादगड निरीक्षण कार्यालय. मंजूर पदे तीन.' असं काही खातं आहे, याचा सरकारलाही विसर पडला असावा. दाराला हे भलंमोठं कुलूप! शेजारचा शिंपी म्हणाला, सकाळी तरी कधी उघडं पाहिलं नाही. बिनचूकने त्यातला 'सकाळी' तिथल्या तिथे गाळला, कुलपाचा फोटो काढला आणि रविवारी पहिल्या पानावर बार उडवून दिला: 'कार्यालय कायमचे कुलूपबंद, तीन कर्मचारी बेपत्ता!'

रविवारी सकाळी बायको चष्मा लावून पेपर वाचत होती. आता शाबासकी मिळणार म्हणून तो समोरच घुटमळत होता.

"अहो, दारावर हा कागद कसला चिकटवलाय?"

"कुठला कागद?"

"तुम्हीच फोटो काढलाय की. 'सकाळी दगडांच्या तपासणीवर. भेटण्याची वेळ दुपारी तीन ते पाच.' किती स्वच्छ दिसतंय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पठ्ठ्याने आपली चूक पुराव्यासकट छापली होती!

संपादकांनी फोनवरच खरडपट्टी काढली, नेमणूक आठवडाभर पुढे ढकलली आणि लगेच खुलासा मागितला. शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी तीन वाजता जाऊन विचारून आला असता. पण त्या दारात जाऊन चूक कबूल करायची म्हणजे बिनचूकच्या अगदी जिवावर आलं. त्याने घरी बसूनच लिहून टाकलं: 'कार्यालय बंद नसून तिथे तीन कर्मचारी रोज दुपारी हजर असतात.' हे तीन कुठून आले? अर्थात पाटीवरून!

बुधवारी कचेरीत एक बाई आल्या. बूट धुळीने माखलेले, खांद्यावर मोजणीची फीत. त्या एकट्या म्हणजेच ते अख्खं कार्यालय. उरलेल्या दोन जागा नऊ वर्षं रिकाम्या होत्या. अर्जांवर अर्ज केल्यावर या महिन्यात कुठे फाइल हलली होती, तेवढ्यात वरिष्ठांनी खुलासा वाचला. तिघं हजर असताना आणखी माणसं कशाला, असा शेरा मारून त्यांनी फाइल परत पाठवली.

"चारशे दगड मी एकटी बघते," बाई शांतपणे म्हणाल्या. "गुडघे गेलेत माझे. तुम्ही एका ओळीत दोन माणसं कामाला लावलीत. आता ती मला आणून द्या."

बिनचूकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंबरोबर दगडांवर गेला. काट्याकुट्यांतून फिरताना त्याचा घाम निघाला, पण प्रत्येक आकडा त्याने दोनदा विचारून घेतला. परत येऊन शिंप्याला गाठलं आणि त्याचा 'सकाळी' त्याला परत केला. शुक्रवारी दुसरा खुलासा छापून आला, चांगलं अर्धं पान! लोकांनी तो एकमेकांना वाचून दाखवला, वरिष्ठांच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. शनिवारी बाईंचा फोन आला. दोन्ही जागा भरायचा आदेश निघाला होता. त्या फोनवर रडत होत्या.

सोमवारी तो नवा शर्ट घालून संपादकांसमोर उभा राहिला. ते खूश होते. म्हणाले, तुझ्या बातमीपेक्षा तुझा खुलासा जास्त वाचला गेला, तेव्हा आजपासून 'खुलासा' हे रोजचं सदर तुझ्याकडे. मुख्य बातमीदाराची खुर्ची मात्र त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली होती.

संध्याकाळी दारातच बायकोने विचारलं, "झालात का मुख्य?"

"झालो," तो छाती काढून म्हणाला.

तिने चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

"बरं, आत तर येऊ दे," तो बूट काढत पुटपुटला. "खुलासा करतो."