भागिले पाच

जगात कोणतीही गोष्ट वाढवायला नुसती हौस पुरते. कमी करायची म्हटली की समिती लागते. लग्नातल्या पाहुण्यांची यादी घ्या, पोट घ्या, नाहीतर सरकार घ्या. आमच्या क्रेन फॉल्स गृह-बिअर मंडळाला हे सत्य गेल्या हिवाळ्यात उमगलं, आणि मंडळाचा चिटणीस या नात्याने त्याचा वृत्तान्त लिहिण्याचा मान मला, म्हणजे वर्डेल हाउगे यास, मिळाला आहे.

विस्कॉन्सिनच्या या टोकाला नोव्हेंबर ते एप्रिल माणसाला एकतर धर्म लागतो, नाहीतर छंद. आम्ही दोन्ही एकत्र करून टाकले. मंडळात एकतीस सदस्य. प्रत्येकजण घरच्या चुलीवर बिअर करतो आणि महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत घेऊन येतो. दुसऱ्याची चाखतो, "वा, छान जमलीय हं!" म्हणतो, आणि घरी जाऊन बायकोला खरं काय ते सांगतो. (मंडळाने मागे गुप्त मतदान घेतलं. चांगली बिअर मंडळात एकालाच जमते, यावर सर्वांचं एकमत झालं. नावं मात्र एकतीस आली.)

मंडळाची घटना कडक आहे. कलम चार: 'बिअर म्हणजे पाच गॅलन.' त्याहून कमी जे काही असेल, ते सूप. पाचच का, असं नवे सदस्य विचारतात. आमच्या पहिल्या अध्यक्षांकडे जी बादली होती ती पाच गॅलनची होती. यापेक्षा भक्कम पाया फार थोड्या धर्मांना लाभला असेल. कलम अकरा: जो सदस्य लागोपाठ तीन सभांना स्वतः केलेली बिअर आणणार नाही, त्याचा बिअरचा मग भिंतीवरच्या खिळ्यावरून उतरवून त्यास सन्मानपूर्वक परत केला जाईल. (सन्मानपूर्वक म्हणजे धुऊन.)

तर ऑरिन टोलेफ्सरुड. वय शहात्तर. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, एकदाही ओढ्यात घातली नाही. बायको अर्लिस मागच्या वर्षी गेली. मुलीने घर विकलं आणि बापाला म्हाताऱ्यांच्या इमारतीत एका खोलीत आणून ठेवलं. डॉक्टरांनी दिवसाला एक ग्लास नेमून दिला. आता पाच गॅलन म्हणजे त्रेपन्न बाटल्या. त्या ठेवायच्या कुठे, पलंगाखाली? आणि संपवायच्या कोणी? त्यामुळे ऑरिन दोन सभांना हात हलवत आला, आणि जानेवारीच्या सभेत, म्हणजे दुसऱ्या वेळी, उभा राहिला.

"बाबांनो, मला एका गॅलनची परवानगी द्या," तो म्हणाला. "दहा बाटल्या होतील. एक मी घेईन, नऊ तुम्ही घ्या. खरं सांगू का, मला बिअरचं एवढं काही नाही. मला गुरुवारी इथे बसायचंय. घरी माझ्याशी बोलतं कोण? टीव्ही. आणि तो मेला माझं ऐकून घेत नाही."

आमचा अध्यक्ष रोलंड डोर्नफेल्ड आयुष्यभर विम्याचे दावे फेटाळून निवृत्त झालेला, पण त्याचेही डोळे पाणावले. त्याने चष्मा पुसला.

"ऑरिन, असे प्रश्न भावनेच्या भरात सोडवायचे नसतात," तो म्हणाला. "आपण उपसमिती नेमू."

लघुकरण उपसमितीत पाच जण नेमले. पहिल्याच बैठकीत ठराव झाला की जी समिती इतरांना पाचाने भागायला सांगणार, तिने आधी स्वतःला भागून दाखवावं. त्यानुसार समितीत एकटा रोलंड उरला. मतभेदाचा प्रश्न त्यामुळे मिटला, आणि चव्वेचाळीस पानांचा अहवाल आठ दिवसांत तयार झाला.

अहवाल मंडळाच्या खास बैठकीत वाचला गेला. त्याचं सूत्र एकच, आणि ते लहान मुलालाही कळेल असं: जे दिसेल त्याला भागिले पाच. माल्ट, म्हणजे मोड आणलेलं जव, दहा पौंड, भागिले पाच, दोन पौंड. इथवर कुणाची हरकत नव्हती. बिअरला कडूपणा आणणाऱ्या हॉप्सच्या फुलांचंही तसंच. यीस्टचं एक पाकीट, भागिले पाच. उरलेलं चार पंचमांश समितीच्या ताब्यात. बिअर मुरण्याचे दिवस चौदा, भागिले पाच, म्हणजे दोन दिवस, एकोणीस तास आणि बारा मिनिटं. (या शोधामुळे फेब्रुवारीची सभा सहज गाठता येणार होती. ऑरिनने तर रोलंडचा हात दोन्ही हातांत घेतला.) पाणी उकळायचं तापमान दोनशे बारा डिग्री फॅरनहाइट, भागिले पाच, बेचाळीस.

"बेचाळीस डिग्रीला माझा फ्रीज असतो, रोलंड," लाव्होन प्रिबिल म्हणाली.

लाव्होनने एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांना जेवू घातलं. तिची हरकत नाइलाजाने मान्य झाली आणि तापमान भागाकारातून वगळलं. मग तिने हॉप्सचा कडूपणा बारा मिनिटांत उतरत नाही म्हणून उकळायचा वेळही पुन्हा साठ मिनिटं करून घेतला. एका बैठकीत अध्यक्षाचे दोन पराभव झाल्यावर तिसरा होऊ द्यायचा नाही, हे आम्ही सगळ्यांनी मनोमन ठरवलं. नेमकी तिसरी गोष्टच महत्त्वाची होती, पण ते आधी कसं कळणार?

गोष्ट अशी. पाच गॅलन बिअरसाठी साडेसहा गॅलन माल्टचा काढा चुलीवर चढवावा लागतो. तासाभरात दीड गॅलन आटतो, पाच उरतो. अहवाल म्हणत होता की साडेसहाला पाचाने भागा, एक पूर्णांक तीन दशांश गॅलन चढवा. आटेल तेही पाचाने भागूनच आटेल.

"अरे, आटणाऱ्या पाण्याला तुझा अहवाल वाचता येतो का?" लाव्होन कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पाणी आटतं ते भांड्याच्या तोंडातून, पोटातून नाही. तोंड तेवढंच, आच तेवढीच, तासही तेवढाच, मग आटणारही तेवढंच. आत पाच गॅलन असो नाहीतर एक. आधी त्याच पातेल्यात साधं पाणी तासभर उकळ, आधी नि नंतर काठी बुडवून मोज. जेवढं आटेल तेवढं जास्तीचं चढव. नाहीतर लहान तोंडाचं पातेलं घे. झालं! याला कशाला हवीत चव्वेचाळीस पानं?"

"हा झाला तुझा अनुभव," रोलंड शांतपणे म्हणाला. "आपल्याला आधार हवाय."

मी नोंद केली: 'श्रीमती प्रिबिल यांनी काठी सुचवली. त्यांचे आभार मानण्यात आले.'

प्रयोग ऑरिनच्या खोलीत झाला, सकाळी दहा वाजता. पातेलं अर्लिसचं, उन्हाळ्यात चेरीचा मुरंबा शिजवायचं, परातीसारखं रुंद. घर विकताना ऑरिनने तेवढं मात्र मुलीला देऊन टाकू दिलं नव्हतं. रोलंड घड्याळ घेऊन उभा, मी वही घेऊन.

चाळिसाव्या मिनिटाला ऑरिन म्हणाला, "रोलंड, तळ दिसायला लागला रे."

"अहवालाप्रमाणे दिसायला नको."

"पण दिसतोय ना! वाकून बघ की जरा!"

"मी अहवालात बघतोय," रोलंड म्हणाला, आणि खरोखरच बघत होता.

बावन्नाव्या मिनिटाला धुराची घंटा वाजली. इमारतीतले एकेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या झग्यांवर कोट चढवून बाहेर बर्फात येऊन उभे राहिले. (दोघांनी कवळीही सोबत आणली नव्हती.) "काय जळलं?" म्हणून एका आजीबाईंनी विचारलं. ऑरिन खाली मान घालून म्हणाला, "बिअर." त्यावर त्या म्हणाल्या, "अगंबाई! थोडी तरी वाचली का?"

वाचला तो दोन वाट्या काळा पाक. ऑरिनने त्यात इमानेइतबारे यीस्टचा पंचमांश घातला आणि दोन दिवस, एकोणीस तास, बारा मिनिटं वाट पाहिली. यीस्ट पाकावर बसून राहिलं आणि तिथेच वारलं.

फेब्रुवारीच्या सभेला तो बरणी घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून. ही बिअर आहे की नाही, यावर पाऊण तास चर्चा झाली. अखेर रोलंडने निवाडा दिला, आणि तो इतका न्याय्य होता की मला आजही त्यात खोट काढता येत नाही. बिअरमध्ये पंचाण्णव टक्के पाणी असतं, असं मंडळाच्या पुस्तिकेत छापलंय. ऑरिनचं पाणी आटून गेलं. म्हणजे त्याने बिअर आणलीच नाही असं नव्हे. पाच टक्के आणली. सबब त्याला सभेत पाच टक्के बसू द्यावं. सभा तीन तासांची. नऊ मिनिटं. दहाव्याला कलम अकरा.

बाजूने एकोणतीस, विरोधात एक, तटस्थ एक. (तटस्थ ऑरिन होता, स्वतःच्या प्रकरणात मत देणं बरं दिसत नाही म्हणाला.) मी बाजूने हात वर केला.

घड्याळ माझ्याकडे दिलं. पहिलं मिनिट कोट काढण्यात गेलं. मग ऑरिन अर्लिसबद्दल बोलू लागला. त्याच पातेल्यात तो बिअर उकळायचा आणि जुलैत ती चेरी. तीन-तीनदा घासलं तरी मुरंब्याला हॉप्सचा कडू वास यायचाच. "या घरात एकतर बिअर राहील नाहीतर मी!" असं ती दरवर्षी ओरडायची, आणि दरवर्षी तोच मुरंबा चर्चच्या जत्रेत 'खास जुनी कृती' म्हणून सगळ्यात आधी खपवून यायची. आम्ही पोट धरून हसलो. रोलंडसुद्धा. "मग एका वर्षी काय झालं," ऑरिन खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "पाद्रीबाबांनी तो मुरंबा..."

"वेळ झाली," मी म्हणालो.

"हो हो. झाली का? बरं बरं," असं म्हणत तो उठला. धुतलेला मग त्याने कोटाच्या खिशात घातला. तो नीट मावेना. मला फार वाईट वाटलं. पण नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

लाव्होन उठली, आपला मग तिने स्वतःच खिळ्यावरून काढला, आणि दाराशी ऑरिनला गाठलं. "पाद्रीबाबांचं काय झालं ते गाडीत सांग," ती म्हणाली. "आणि उद्या लहान तोंडाचं पातेलं घेऊन येते मी." पुढचं मंडळाच्या दफ्तरी नाही. ऐकून आहे की दुसऱ्या गुरुवारी आता त्याच्या खोलीत चौदा माणसं दाटीवाटीने बसतात, बाटल्या दहाच असतात, आणि कुणी घड्याळ लावत नाही. शिस्त नसली की असं होतं.

पाद्रीबाबांनी त्या मुरंब्याचं काय केलं, हे मला अजून कळलेलं नाही.

वाचकहो, तुम्ही एव्हाना मान हलवून आम्हाला निर्दय म्हणून मोकळे झाला असाल. म्हणा. फक्त एक करा: तुमच्या घरचं कुणी शहात्तरीचं माणूस रविवारी फोनवर जुनी गोष्ट सांगायला लागतं, तेव्हा "बरं, ठेवू मग?" हे तुम्ही कितव्या मिनिटाला म्हणता, तेवढं मोजून मला कळवा. आम्ही पूर्ण नऊ दिली होती.