बिनभोकाच्या भाजीवरील स्वारीची हकीकत

अन्नपूर्णेस दंडवत, उदरातील अग्नीस दंडवत, आणि ही हकीकत वाचता वाचता ज्यास भूक लागेल त्यासही दंडवत. शके सोळाशे एकोणसत्तर, प्रभवनाम संवत्सर, ते साली एके राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्य पाण्याचे, नदीकाठी मळे ऐसे की भेंडी, वांगी, कोबी, पालक यांस तोटा नाही. महाराज प्रतापी, परंतु स्वभाव नाजूक. एके दिवशी ताटातील पालकाच्या पानास अळीने पाडलेले भोक महाराजांनी पाहिले, आणि पान उचलून धरिले तो त्या भोकातून पलीकडे अमात्यांचा डोळा दिसला. तेणेकरून महाराज संतप्त जाहले आणि बोलिले, "पानास भोक म्हणजे राज्यास भोक. आजपासून भोकाचे पान हुजुरात आले तर माळ्याचे डोके धडावर राहणार नाही." मग माळी लोकांनी पितळी पिचकाऱ्यांत कीडमार औषध भरिले आणि मळ्यांवर फवारिले, आणि धाक पुरता जाईना म्हणून पुन्हा फवारिले, आणि भाजी ऐसी झळकू लागली की राणीसाहेब वांग्यात मुख पाहून कुंकू लावू लागल्या. महाराज बहुत संतोषले.

त्या राज्यात हैबतराव रणपिसे म्हणून सरनोबत होते, म्हणजे सर्व फौजेचे मुख्य. देह धिप्पाड, मिशी भरदार, आणि रिकिबीत पाय घातला की घोडा विचारात पडे. रणात कोणास ऐकत नसत, परंतु महाराजांपुढे उभे राहिले म्हणजे "जी" याखेरीज अक्षर मुखातून निघत नसे. त्यांची एकुलती लेक गजराबाई, पहिलटकरीण, बाळंतपणास माहेरी आली होती, आणि हैबतरावांचा सारा जीव तिजपाशी गुंतला होता. ऐसे असता एके दिवशी पंक्तीत महाराजांच्या ताटातील भेंडीवर माशी बसली, तिने हात चोळिले, आणि तेथेच प्राण सोडिला. महाराज बोलिले, "ही कोणाकडील?" अमात्य बोलिले, "शेजारच्या राज्यातील हेर दिसते." मग माशीच्या पंखांची झडती घेतली, काही सापडले नाही, आणि राजवैद्य शिवरामभट यांस पाचारण जाहले. ते बारकाईने पाहून बोलिले, "माशी निर्दोष आहे. भेंडीवर औषध राहिले आहे. हा जीव लहान म्हणून लगेच गेला. आपल्या पोटी रोज थोडे थोडे जाऊन पुढे काय होईल हे मज सांगवत नाही." हे ऐकताच सर्वांनी हातातील घास खाली ठेविले आणि महाराज गरजले, "भाजीवर शत्रू चढून बसला आहे आणि सरनोबत भात कालवतात? स्वारी करा!" हैबतराव बोलिले, "जी."

मग मैदानात भाजीचा ढीग रचिला, सभोवती मोर्चे लाविले, नगारा जाहला, आणि वकील पाठवून भेंडीस शरण येण्यास सांगितले. भेंडीने उत्तर दिले नाही. मग अत्तर शिंपडिले, तो वर बसलेल्या माशा मेल्याच, परंतु सुवासिक मेल्या. मग रिठ्याच्या फेसात सर्व भाजी बुडविली आणि फेस भाजीत मुरला. ती खाऊन दरबारी बोलू लागले म्हणजे मुखातून बुडबुडे निघत, आणि न्यायाधीशांनी फाशीचा हुकूम दिला तो बुडबुड्यात गेला व आरोपी मुजरा करून घरी गेला. महाराज कोपले आणि डांगोरा पिटविला की आजपासून राज्यात भाजी बंद, जो खाईल तो तोफेच्या तोंडी. मग सारी रयत भात, मटण आणि पेढे यांवर राहू लागली, आणि थोडक्याच काळात राज्याचा कारभार तुंबला, तो कागदावर नव्हे, पोटात तुंबला. दरबारी सकाळी शौचकुपी जात ते मध्यान्ह टळली तरी परतत नसत, मसलत भरत नसे, आणि परराज्याचा वकील एकटाच गालिच्यावर बसून तोरणे मोजी.

हैबतराव घरी आले तो गजराबाई भिंतीस टेकून बसलेली, चेहरा पांढरा पडलेला. ते बोलिले, "गजरे, जेवलीस का?" ती बोलिली, "आबा, आधी पोटातल्या जिवाला विष नको म्हणून मी भाजी टाकली. मग महाराजांनीच बंद केली. आता उठायला गेले की डोळ्यांपुढे अंधारी येते. तुम्ही एवढे किल्ले घेता, मला एक घास निर्धास्तपणे खाता येईल एवढे करा ना." हैबतरावांस रडू आवरेना, परंतु मिशी मोठी असल्याकारणे ते कोणास दिसले नाही. ते तडक वैद्यांकडे गेले आणि बोलिले, "भटजी, शस्त्र सांगा." वैद्य बोलिले, "शस्त्र नको. वाहते पाणी घ्या आणि हात चालवा." मग हैबतरावांनी फौजेसह पाटाकडे कूच केले, आणि शिलेदारांनी तलवारी काठावर ठेवून भाजी धुवावयास घेतली. वैद्यांनी रीत सांगितली ती ऐसी: चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नव्हे. धारेखाली एकेक भेंडी, एकेक वांगे चोळावे. कोबीचा बाहेरचा कोट पाडून टाकावा आणि मग आतल्या कोटात शिरावे. पालेभाजी मिठाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून पुन्हा साध्या पाण्याने धुवावी. काकडी, दुधी यांचे साल काढावे, आणि जे शिजवावयाचे ते नीट शिजवावे. एक शिलेदार कुरकुरला, "सरकार, आमच्या वाडवडिलांनी हत्ती लोळविले, आणि आम्ही भेंडी चोळावी?" हैबतराव बोलिले, "चोळ. आणि देठाकडे पण चोळ."

मग धुतल्या भाजीवर माशा सोडिल्या, तो बहुतेक माशा मजेत फिरल्या, परंतु त्याच सकाळी तोडलेल्या भेंडीवरील माशा झोकांड्या खाऊ लागल्या. हैबतराव घाबरले. वैद्य बोलिले, "माशी जगली म्हणून औषध समूळ गेले ऐसे नव्हे, कमी जाहले इतकेच. आणि देठाआत मुरले ते धुण्याने निघत नाही. फवारल्यावर औषधाचा जोर उतरेपर्यंत तोडणी थांबविली पाहिजे, आणि कीड दिसेल तेव्हाच, लागेल तेवढेच फवारले पाहिजे." माळ्यांचा मुकादम रखमाजी तेथेच होता. तो हात जोडून बोलिला, "सरकार, आम्हाला का हौस आहे? तोडायच्या दिवशीसुद्धा फवारतो ते डोक्यापायी. पानाला भोक पडलं तर डोकं कुणाचं जाणार?" हे ऐकून हैबतरावांच्या ध्यानी आले की आता पाण्याने भागत नाही, महाराजांस सांगितले पाहिजे, आणि ते धुतलेला पालक शिजवून वाटीत घेऊन वाड्याकडे निघाले.

महाराज ते समयी शौचकुपात होते आणि पहाटेपासून तेथेच होते. बाहेर चोपदार डोळे मिटून उभे. हैबतरावांनी बंद दाराबाहेर मुजरा केला आणि बोलिले, "जी." आतून खोल गेलेला आवाज आला, "काय जी?" हैबतरावांनी लेकीचे मुख आठविले आणि एका दमात बोलिले, "महाराज, शत्रू भाजीवर आपल्या हुकुमाने बसला आहे. भोकाचे पान चालेल म्हणून सांगावे, म्हणजे माळी थांबतील. धुण्याचे काम फौज करील. आणि भाजी बंद केल्याने काय होते ते महाराज जाणतातच." चोपदारांनी हैबतरावांपासून दूर सरून घेतले. मग महाराज कण्हत बोलिले, "सरनोबत, आमच्या राज्यास भोक पाडता?" हैबतराव बोलिले, "पाडतो, महाराज. डोके घ्यावयाचे तर बाहेर येऊन घ्यावे." महाराज बोलिले, "बाहेर येता आले असते तर दुसरे काय पाहिजे होते," आणि मग हळू आवाजात, "पालक आणला आहे काय?" हैबतरावांनी शिजल्या पालकाची वाटी दाराच्या फटीतून आत सरकविली. दुसरे दिवशी सूर्योदयी महाराज बाहेर आले, चेहरा प्रसन्न, आणि दोन्ही हुकूम तेथल्या तेथे रद्द जाहले. तोफखान्यात साखर वाटली.

मग माळी थांबून तोडू लागले. हैबतरावांनी मळ्यातून माठाची जुडी स्वतः आणिली, स्वतः धुतली, आणि लेकीपुढे निवडावयास बसले. तो एका पानाआडून हिरवी अळी निघाली आणि चालू लागली. गजराबाई दचकून बोलिली, "आबा, अळी!" हैबतराव बोलिले, "जिवंत आहे, गजरे, जिवंत आहे!" आणि उठून उभे राहिले, आणि तीन पावले मागे सरून त्या अळीस मुजरा केला. गजराबाई हसू लागली, ती इतकी की पोटातील मूलही हलले, आणि तिने वडिलांचा हात ओढून तेथे ठेविला. मग ती भाजीभाकर पोटभर जेवली.

एवंच, भाजी सोडू नये, धुवावी. धुण्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. बाकीचे मळ्यात आणि हुकुमात सुधारावे लागते. भाजी फारच झळकत असेल तर एकवार विचारावे. इतके लिहून लेखणी पुसून ठेविली, आणि लिहिणार जेवावयास उठला.