करदोट्याची किल्ली

सर्व्हरची खोली सांभाळणारे सुखदेवभाऊ तिथल्या कपाटाची किल्ली करदोट्याला बांधत असत. त्यामुळे कपाट उघडायचं म्हणजे एक सोहळाच असे. भाऊ भिंतीकडे तोंड करायचे, शर्ट वर घ्यायचे, गाठ सोडायचे आणि आम्ही तोवर छताकडे पाहत उभे राहायचो. मोठे साहेब असले तर तेही.

सावली गावाच्या पुढे जंगलाला लागून एक कारखाना होता. नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं तर माझंच नाव जाईल. पूर्वी कॅन्टीनचं धान्य ठेवायच्या खोलीच्या दारावर आता ‘डेटा सेंटर’ अशी पाटी होती. आत चार खरी मशिनं आणि त्यांच्या पोटात एकतीस आभासी, म्हणजे नुसती सॉफ्टवेअरची. पगार, वजनकाटा, मेल, सगळी तिथेच. या एकतिसांचा माल, म्हणजे सगळा डेटा, मात्र एकाच जुन्या कपाटात, म्हणजे स्टोरेजमध्ये. ते म्हातारं झालं होतं. नवीन बसवायला नागपूरहून मी आलो होतो. दोन हजारनंतरचं पहिलं दशक सरत आलं होतं आणि माझ्या अंगात नुकत्याच पास केलेल्या परीक्षेची मस्ती होती.

‘‘चालू मशिनंच इकडून तिकडे नेतो,’’ मी ऐटीत म्हणालो. ‘‘कुणाला पत्ताही लागणार नाही.’’

‘‘म्हंजे बोडी उपसाची हाये,’’ भाऊ म्हणाले.

भाऊ ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, घरातले. बोडी म्हणजे गावचं छोटं तळं. ते उपसायच्या आधी मासोळी दुसऱ्या बोडीत नेऊन सोडतात, हे त्यांनी मला चहा थंड होईपर्यंत समजावलं. ‘‘एकेक न्याची. घाई नाई कराची. आन पाणी हलू द्याचं नाई.’’

‘पाणी हलू द्याचं नाई’ हा भाऊंचा मंत्र होता. प्रिंटर अडकला तरी तोच आणि लेखा विभागातलं भांडण सोडवतानाही तोच. प्रत्येक मशीनला त्यांनी मासोळी ठरवून दिली होती. पगार आणि वजनकाटा म्हणजे रोहू. मेल म्हणजे झिंगे, कारण फार आणि कामाचे थोडे.

मी अर्थातच दोन रोहू एकदम उचलले. दहाव्या मिनिटाला वजनकाटा गोठला. पुढच्या अर्ध्या तासात ट्रकांची रांग फाटकाबाहेर वडाच्या झाडापर्यंत गेली, आणि ड्रायव्हर लोक माझी चौकशी करायला लागले. भाऊंनी मला मागच्या दाराने कॅन्टीनमध्ये नेऊन बसवलं.

‘‘इंजिनेर साहेब, पत्ता लागला ना सगळ्याईले?’’ एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी एकेक नेली. शुक्रवारी दुपारी यादी पुरी झाली. एकतीसपैकी एकतीस. आता जुनं कपाट कायमचं पुसायचं आणि चारची बस धरायची.

‘‘मंगळवार होऊ द्या,’’ भाऊ म्हणाले.

‘‘काऊन?’’ मी त्यांच्याच बोलीत विचारलं. थट्टाच होती ती.

‘‘बोडी उपसली तरी चिखलात मरळ रायते. आमी चार रोज थांबतो.’’

‘‘भाऊ, ही बोडी नाही. यात चिखल नाही.’’

‘‘पाहा बुवा.’’

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी भाऊंना फोन करून किल्ली द्यायला सांगितलं. भाऊ भिंतीकडे वळले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ‘‘गाठ बसली,’’ पाठमोरे म्हणाले. शेवटी किल्ली माझ्या हातात पडली, ती घामाने ओली होती. मी कपाट उघडलं, वायर जोडली, पुसण्याचा हुकूम टाईप केला. ‘नक्की?’ असं पडद्याने विचारलं. मी बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात भाऊंचा हात कीबोर्डवर आडवा पडला.

‘‘साहेब, दिवे पाहा.’’

रिकाम्या कपाटाचे हिरवे दिवे सावकाश लुकलुकत होते. आतून कुणीतरी काहीतरी वाचत होतं.

मी यादी मोजली होती. कपाट मोजलं नव्हतं.

चौथ्या मशीनच्या पोटात, कुठल्याच यादीत नसलेलं एक बत्तिसावं सापडलं. नाव ‘जुना डेपो’. मी भाऊंकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

‘‘बांबू डेपोवरच्या रोजीच्या माणसाईची हजेरी हाये. रजिस्टरं उधईनं खाल्ली. त्याच्या आंधी दोन वर्षं बसून मीच टाईप केली. हापिसानं सांगतलं, हे काई कामाचं नाई, काढून टाक.’’

‘‘मग?’’

‘‘नाई काढलं. नोकरी जाईन, मालूम हाये.’’

‘‘आणि मंगळवार?’’

‘‘बाजार रायते ना. लोकं येतात, कोणाले हजेरीचा कागद लागते.’’

ती मरळ हलवायला सहा मिनिटं लागली. पाणी हललं नाही. रिपोर्टात मी ‘एकतीस’च लिहिलं. माझ्या नोकरीतला तेवढा एकच आकडा मी समजून चुकवला, बाकीचे न समजता. चारची बस केव्हाच गेली होती. मीही मग राहिलोच.

मंगळवारी एक म्हातारा आला. कागद नकोच म्हणाला. ‘‘माहं नाव हाये का तेवढं दाखव, बाबू.’’ भाऊंनी एका बोटाने नाव शोधलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. त्याला वाचता येत नव्हतं. तरी तो बराच वेळ पाहत बसला, मग बाजाराची पिशवी उचलून गेला.

भाऊंनी आणखी एक नाव टाकलं. सोनाबाई. हजर, हजर, हजर, अशी पानं सरकत गेली. मग तीन दिवस गैरहजर. चौथ्या दिवशी पुन्हा हजर.

‘‘कोण ही?’’

‘‘माय. बांबू वाहे. फोटो नाई, काई नाई. तिचं नाव लिवलेलं हाये ते इथीच.’’

‘‘आणि हे तीन दिवस?’’

‘‘तवा मी झालो.’’

मी जुनं कपाट पुसलं, नव्याला कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी सवयीने छताकडे पाहू लागलो. गाठ सोडायला वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. बांधायला मात्र एवढा लागायचं काही कारण नव्हतं.