नानांची फौज

आमच्या पिंप्राळ्यात कुणाला गळू झालं, की शेजारचे नाना अभिनंदन करायला येतात. मला मानेवर झालं तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो आणि हे चष्मा कपाळावर चढवून ते बारकाईनं पाहत होते.

"वा! फौज जागी शे!"

नाना हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण त्यांचा तास काही संपला नाही. आता वर्गात दूधवाला, रिक्षावाला आणि मानेमुळे पळता न येणारा मी.

"पू पाहून नाक मुरडू नका," ते म्हणाले. "लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी आहेत त्या. जंतू दिसला की गिळतात. फारच झाले तर स्वतःच्या पोटातले धागे बाहेर फेकतात, जाळ्यासारखे. जंतू अडकून मरतो, पण पेशीही बहुधा जाते." एवढं सांगून ते क्षणभर मान खाली घालून उभे राहिले. माझ्या गळवाला असा मान पूर्वी कुणी दिला नव्हता.

मग अक्कांना, म्हणजे नानांच्या बायकोला, कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि नानांनी गेटवर खुर्ची टाकली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर माणसं जन्मभर बोलून दाखवतात. त्यामुळे रीघ लागली. नाना गेटवरूनच केळी ठेवून घेत आणि माणसं परत पाठवत. गल्लीनं त्यांना खडूस ठरवलं.

एका दुपारी दोंडाईच्याहून अक्कांची धाकटी बहीण बेबी आली. हातात भरिताचा डबा. नाना उठलेच नाहीत.

"दाजी, मन्ही बहिणले भेटाले मले तुमनी परवानगी लागस का?" ती कडाडली आणि समोर माझ्या ओट्यावर बसून रडू लागली.

मी तणतणतच गेलो. "नाना, सख्खी बहीण आहे हो!"

"औषधानं कॅन्सरबरोबर तिची फौजही मारली रे," ते हळूच म्हणाले. "साधी सर्दी आत गेली, तरी जाळं टाकायला कुणी शिल्लक नाही."

हा आवाज वर्गातला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून अक्कांची हाक आली, "बेबी उनी का?"

नाना बसूनच राहिले. मग उठले, बेबीला बोलावलं. सर्दी-खोकला नाही ना, दोनदा विचारलं. मास्क दिला. अंगणातल्या नळाखाली तिचे हात धरून स्वतः साबण लावला, कोपरापर्यंत. "दारातूनच बोल. जवळ जाऊ नको."

साबण धुऊन गेला तरी त्यांनी हात सोडले नाहीत.

"मी एकटा कितला पुरसू, बेबी?"

 मघाशी कडाडलेल्या बेबीनं हात सोडवून घेतले, साबण उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला लागली.